चाक हबला चिकटतंय: खाऱ्या हवेत हबवर काय लावायचं आणि कुठे लावायचं नाही?

सुरंगी०७

मुक्काम वेंगुर्ला, समुद्र घरापासून अर्धा किलोमीटरही नाही. गाडी सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, कंपनीचीच अलॉय चाकं, पुढे डिस्क, मागे ड्रम, चाकाला चार स्टड (हबमधून बाहेर आलेले आट्यांचे दांडे), एम१२ चे, म्हणजे १२ मिलिमीटरचे नट. चारही नट काढले तरी चाक हबवरून, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या लोखंडी भागावरून, सुटत नाही. मागचं डावं तर घण मारूनच निघालं. आतली स्थिती अशी: हबच्या मधल्या उंचवट्यावर, म्हणजे चाकाचं मधलं भोक जिथे बसतं तिथे, पांढरी पावडर घट्ट बसलेली. हबच्या सपाट तोंडावर लाल गंज, नखाने पापुद्रा निघेल असा. स्टडच्या आट्यांवर थोडा गंज, पण नट हाताने फिरतो.

गॅरेजवाल्याने सगळीकडे, स्टडवरसुद्धा, बेअरिंगचं ग्रीस फासून चाक परत चढवलं. शेजारी म्हणतात जुनं इंजिन ऑइल मारा. माझे प्रश्न:

१) साफ कशाने करायचं आणि किती?
२) काय लावायचं, कुठे, किती?
३) स्टडला ग्रीस बरोबर की चूक?
४) रस्त्यात पंक्चर झालं आणि चाक निघालंच नाही तर घणाशिवाय काय करता येईल?

लोहकण

आधी पांढरी पावडर का होते ते सांगतो, म्हणजे उपाय आपोआप कळेल.

हब लोखंडाचा, चाक ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी म्हणजे एक छोटी बॅटरीच झाली. या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. एरवी ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच त्याला वाचवतो, पण मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं. जी पांढरी पावडर दिसते ती चाकाच्या झिजलेल्या धातूची आहे. मूळ धातूपेक्षा ती जास्त जागा घेते. लोखंडी रिमला हेच लाल गंजाने होतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत फुगतो. चाकाचं भोक आणि हबचा उंचवटा यांच्यात फट असते जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. ती भरायला कितीसा वेळ लागणार?

किनाऱ्यावर हे लवकर होतं, त्याला पाऊस हे एकच कारण नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे फटीत एकदा मीठ शिरलं की जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ती फट वाळतच नाही, मग गाडी शेडमध्ये उभी असली तरी. बाहेरून पाणी मारून चाक धुतलं तरी आतलं मीठ निघत नाही. त्यासाठी चाक काढावंच लागतं.

पाना१७

सुरंगी, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण घाई तिथे आहे. स्टडवरचं ग्रीस आजच काढा.

नट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला ढोबळमानाने निम्मा नटाच्या बुडाच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि स्टड ताणून चाक दाबून धरायला उरतो तो सुमारे दहा टक्के. मॅन्युअलमधला टॉर्कचा (नट आवळायच्या पिळाच्या जोराचा) आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं आणि तोच टॉर्क लावूनही स्टडवरचा ताण तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त वाढतो. त्यात टायरवाल्याची गन दणदण करून नेहमीच जास्त आवळते. दोन्ही मिळून स्टड लांबतो, आटे ओढले जातात, आणि पुढे कधीतरी नट सोडताना स्टड कट्कन तुटतो. नटाच्या तिरप्या बुडाला ग्रीस असेल तर अलॉयचं ते शंकूसारखं घर चेपतं, हे वेगळंच.

काढायचं कसं: ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट फडक्यावर घ्या, स्टड पुसा, आट्यांवर तारेचा ब्रश आट्यांच्याच दिशेने फिरवा. नटाच्या आतले आटे जुन्या टूथब्रशने. फवारा थेट मारू नका, ग्रीस वाहून डिस्कवर जाईल. नंतर नट हाताने बुडापर्यंत फिरला पाहिजे. मध्येच अडला तर आटे खराब आहेत, तिथे पाना लावून ढकलू नका. एम१२ मध्ये पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दोन प्रकारचा येतो, १.२५ आणि १.५. नवा नट घेताना जुना सोबत न्या. चुकीच्या पिचचा नट पहिले दोन फेरे बसल्यासारखा वाटतो, आणि मग स्टडची वाट लागते.

गंजपुराण

पहिल्या दोन प्रश्नांवर सविस्तर लिहितो. यात खरं काम साफसफाईचं आहे. पेस्ट (धातू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावतात ती) म्हणजे वरचं मीठ, आणि लोक नेमकं तेच भांडंभर घालतात.

गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे, जॅकवर उचलून लगेच घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर घण किंवा लाथ अजिबात नको. जॅक घसरायला तेवढा हिसका पुरतो.

हबचा उंचवटा आणि सपाट तोंड हे लोखंड आहे, तिथे तारेचा ब्रश, मग ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर. स्टडच्या बुडाभोवतीची गोल जागा सगळ्यांकडून राहते, आणि पापुद्रे नेमके तिथेच जाड असतात. ड्रिलला लावायचं एक नळकांड्यासारखं साधन मिळतं, तोंडाशी गोल खरखरीत पॅड असतो, ते स्टडवर बसवून फिरवायचं. नसेल तर जुन्या पेचकसाच्या टोकाला पॉलिश पेपर गुंडाळा, वेळ लागतो इतकंच. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून हबचं तोंड घासू नका. गंजाबरोबर धातूही जातो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही.

किती साफ करायचं? चकाचक नको. गंजाचा काळसर डाग राहिला तर चालतो, उंचवटा राहता कामा नये. बोट फिरवा, मग लोखंडी पट्टी आडवी धरून खालून उजेड दिसतो का बघा. एवढी कटकट कशासाठी? डिस्क याच तोंडावर बसते. हबच्या तोंडाची डुगडुग साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत असावी अशी अपेक्षा असते. गंजाचा एक खवला डिस्कमागे अडकला की डिस्क तिरकी बसते, दर फेऱ्याला पॅडला घासते, काही हजार किलोमीटरनी तिची जाडी एका बाजूला कमी होते आणि ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं. मग लोक डिस्क बदलतात, हब तसाच ठेवतात, आणि तीन महिन्यांनी परत तेच गाऱ्हाणं.

चाकाची बाजू ॲल्युमिनियमची, तिथे लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि गंजायला तिथूनच सुरुवात होते. भांडी घासायची हिरवी घासणी आणि थोडं स्पिरिट, किंवा पितळी ब्रश. मधल्या भोकाच्या काठाला कंगोरा असतो, त्याच्या खाचेतली पावडर लाकडी काडीने काढा. घासताना तोंडाला मास्क लावा आणि हवा मारून धूळ उडवू नका, ब्रेकच्या धुळीत काय काय असतं सांगता येत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आता पेस्ट. साधं ग्रीस किंवा बेअरिंगचं ग्रीस इथे कामाचं नाही. डिस्क तापली की ते पातळ होऊन फिरत्या हबवरून बाहेर फेकलं जातं, आणि गेलं तर डिस्कवर किंवा लायनरवरच (ड्रमच्या आतून घासून ब्रेक लावणारा भाग) जातं. जुनं इंजिन ऑइल तर त्याहून पातळ. चासीच्या पत्र्याला कोकणात मारतात ते ठीक, चाकाजवळ नको. हवी ती अँटी-सीझ पेस्ट. तांब्याची (लॉक्टाइट ८००८ त्यातलीच) लोखंडी रिमसाठी चालते. अलॉयसाठी धातूविरहित बरी, सिरॅमिक पेस्ट किंवा मरीन ग्रेड, उदाहरणार्थ लॉक्टाइट ८०२३. तांबं ॲल्युमिनियमशी आणखी वाईट जोडी जमवतं. पेस्टचा थर शाबूत आहे तोवर पाणी शिरत नाही म्हणून फरक जाणवत नाही, पण थर धुऊन गेल्यावर मागे तांब्याचे कणच उरतात. किनाऱ्यावर ही जोखीम कशाला घ्या?

किती? एका हबला हरभऱ्याच्या डाळीएवढी. जुन्या टूथब्रशने फक्त मधल्या उंचवट्याच्या कडेला गोल फिरवा. पेस्टमधून खालचं लोखंड अंधुक दिसलं पाहिजे. चाक चढवून काढल्यावर कडेला ओघळ दिसला तर जास्त झाली, पुसून टाका. एबीएसच्या सेन्सरवर, त्याच्या रिंगवर, स्टडवर, नटाच्या घरात अजिबात नाही.

हबच्या सपाट तोंडावर माझ्या मते काहीच नको. ब्रेकचा सगळा जोर चाक आणि हब यांच्या तोंडांमधल्या घर्षणातून जातो, स्टड फक्त दाबून धरतात. तिथे निसरडं कशाला करायचं?

मॉन्ट्रियलकर

शेवटच्या मुद्द्यावर थोडा वेगळा अनुभव आहे इकडचा. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने लागतात, त्यामुळे चाकं वर्षातून दोनदा निघतातच. रस्त्यावर मीठ आणि कॅल्शियम क्लोराइडचं पाणी मारतात, हब एका हिवाळ्यात लालभडक. इथे बरेच मेकॅनिक तोंडावरही पेस्टचा जेमतेम रंग धरेल इतका हात फिरवतात, स्टडच्या भोकांपासून लांब, बाहेरच्या कडेच्या पट्ट्यात. लोखंडी रिम असेल तर त्याने निघणं खूप सोपं होतं. पण मग १०० किलोमीटरच्या आत नट परत तपासायचेच, त्यात सूट नाही.

एक गोष्ट मात्र तोंडावर कधीच नको, ती म्हणजे जाड रंग. रिमला पावडर कोटिंग करून घेताना हबला टेकणारी जागा आणि नटाची घरं झाकून घ्या. रंग दबतो, तुटतो, आणि जेवढा दबला तेवढा स्टडचा ताण सुटतो. नवं कोटिंग केलेल्या रिमचे नट चार दिवसांत सैल होतात ते यामुळेच. गंज न काढता आवळलेल्या चाकाचंही तसंच: खवला चिरडला की नट सैल.

आटे_मोजा

चौथा प्रश्न, रस्त्यावर चाक निघत नसेल तर. सोप्यापासून सुरू करा.

नट पूर्ण काढू नका. प्रत्येक नट दीड फेरा सैल करा, एम१२ मध्ये तेवढ्याने सुमारे दोन मिलिमीटर जागा होते. गाडी जॅकवरून खाली घ्या. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. दरवाज्याची चौकट धरून गाडी बाजूला हलवा. गाडीचं वजनच चाक सोडवतं, बहुतेक वेळा टक् असा आवाज येतो आणि काम झालं. नाहीच झालं तर मोकळ्या सपाट जागी एक-दोन मीटर पुढे, ब्रेक, एक-दोन मीटर मागे, ब्रेक. चालण्याच्या वेगाने. रस्त्यावर जायचं नाही, आणि आवाज आला की लगेच थांबायचं.

पुढची पायरी: गाडी वर घेऊन घोडीवर ठेवा (नुसत्या जॅकवर लाथ नको, वर सांगितलंच आहे), नट तसेच सैल ठेवा, जमिनीवर बसा, टाचेने टायरच्या बाजूवर मारा, चाक अर्धा फेरा फिरवा, परत मारा. मागचं चाक असेल तर ते फिरवण्यासाठी हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून बाकीच्या चाकांना दगड आधी. नट काढून हे केलं तर चाक अंगावर येतं.

घरी असाल तर लाकडी वाशाचा हातभर तुकडा विरुद्ध बाजूने गाडीखालून टायरच्या आतल्या बाजूला टेकवा आणि त्यावर हातोडा. अंग गाडीखाली जाता कामा नये. हातोडा अलॉयवर थेट मारू नका, आतला काठ तडकतो आणि मग टायर हळूहळू हवा सोडत राहतो.

मधलं टोपण काढून हबच्या कडेला गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल चार-पाच थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. नेहमीचा डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगला, जाम झालेल्या जागी तितका आत शिरत नाही. थेंबच टाका, फवारा डिस्कपर्यंत जातो.

गॅस किंवा ब्लोटॉर्च कोणी काढला तर गाडी उचलून दुसरीकडे न्या. टायर फुटू शकतो, बेअरिंगचं ग्रीस वितळतं, अलॉयचा कस जातो.

पाना१७

आवळण्याबद्दल राहिलं. छोट्या गाड्यांचे आकडे साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतात. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, माझ्यावर जाऊ नका. पोलोसारख्या गाड्यांत स्टड नसतात, एम१४ चे बोल्ट असतात आणि आकडा १२०.

टॉर्क रेंच नसेल तर हिशेब करा: २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला ४० किलोचा जोर म्हणजे जवळजवळ १०० न्यूटन-मीटर. ७० किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला की १७० च्या पुढे, आणि उड्या मारल्या तर विचारूच नका. पान्यावर चढून नट आवळणाऱ्याला हे ऐकवा.

चाक हवेत असताना नट हाताने बसवा, समोरासमोरचे आलटून पालटून हलके आवळा. टायर जमिनीला टेकवून दोन टप्प्यांत पूर्ण टॉर्क, आधी निम्मा, मग पूर्ण. टायरवाल्याला सांगा, गन फक्त नट फिरवत आणायला, शेवटचा हात पान्याचा. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकं थंड असताना परत एकदा.

गंजपुराण

बोल्टवाल्या गाड्यांबद्दल: चाक चढवताना भोकं जुळवायला त्रास होतो आणि चाक हबच्या कडेवर घासून पेस्ट सगळीकडे लागते. बिनडोक्याचा एम१४ × १.५ चा एक लांब स्टड आणून वरच्या भोकात हाताने फिरवा, चाक त्यावर टांगा, बाकीचे बोल्ट लावून झाले की तो काढून शेवटचा बोल्ट. पाच मिनिटं आणि बरीच चिडचिड वाचते.

बाहेरून घेतलेली अलॉय असतील तर मधलं भोक मोठं असतं आणि आत अंतर भरायला रिंग असते. रिंग ॲल्युमिनियमची असेल तर तीच हबला चिकटते, चाक निघतं आणि रिंग मागे राहते. कोकणात प्लास्टिकच्या रिंगा घ्या, गंजण्याचा प्रश्नच नाही.

सुरंगी०७

सगळ्यांचे आभार. स्टड पुसले, एका नटाचे आटे खरंच ओढले गेलेत, तो बदलतो. आता ड्रम. मागचं चाक काढल्यावर ड्रमही हबवरून हलत नाही. हँडब्रेक सोडलेला आहे. आत लायनर चिकटले असतील का?

आटे_मोजा

दोन वेगळी ठिकाणं आहेत, आधी कुठलं ते ओळखा. ड्रम हाताने फिरतो का? फिरत असेल तर लायनर सुटे आहेत, ड्रम फक्त मध्यभागी हबला चिकटलाय. ड्रमच्या तोंडावर स्टडच्या मध्ये दोन आट्यांची भोकं असतील, बहुतेक गाड्यांत एम८ × १.२५. आधी त्यातला गंज टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) किंवा टोकदार काडीने साफ करा, दोन एम८ बोल्ट लावा आणि आलटून पालटून पाव-पाव फेरा आवळा. एकच बोल्ट दामटला तर ड्रम तिरका होऊन आणखी अडकतो किंवा काठ फुटतो. जोर लागायला लागला की थांबून ड्रमच्या मधल्या गोलाभोवती हातोडीने टकटक करा, मग पुढचा पाव फेरा.

फिरतच नसेल तर लायनर चिकटलेत. धुतलेली गाडी हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी केली की किनाऱ्यावर हे होतंच. ड्रमच्या बाहेरच्या गोलावर, लायनर असतो त्या पट्ट्यात, लाकूड ठेवून हातोड्याचे ठोके द्या. इंजिनच्या जोरावर ओढून सोडवू नका, लायनरचं मटेरियल पत्र्यावरून उखडून ड्रमला चिकटलेलं राहतं. निघालं की ड्रमची आतली बाजू १२० च्या पेपरने घासा, लायनरचं तोंड हलकंसं. ड्रमच्या मधल्या भोकाला वर गंजपुराण यांनी सांगितलं तीच डाळीएवढी पेस्ट, त्याहून कमी चालेल पण जास्त नको, कारण इथून निसटली तर थेट लायनरवर.

यापुढे दोन दिवसांहून जास्त उभी ठेवायची असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. गाडी धुतल्यावर एक-दोन किलोमीटर चालवून ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा, पाणी उडून जातं.

लोहकण

वेळापत्रक विचारलं नाही तरी सांगतो. मे अखेरीस एकदा, दिवाळीच्या आधी एकदा, चारही चाकं काढा, पुसा, पेस्ट परत लावा. १०,००० किलोमीटरला टायर फिरवायचेच (पुढचे मागे, मागचे पुढे) असतात, ते या दोनपैकी एका वेळेला जुळवा. वाळूत किंवा भरतीच्या पाण्यात चाक गेलं असेल तर तारखेची वाट बघू नका, ब्रेक थंड झाल्यावर साध्या पाण्याने धुवा आणि त्याच आठवड्यात चाक काढून बघा. प्रेशरचा पाइप बेअरिंगच्या सीलवर रोखू नका.

आणि स्टेपनी. इनोव्हा, एर्टिगा अशा गाड्यांत ती मागे खाली टांगलेली असते, तिची साखळी किंवा तार आणि खाली-वर करणारी गिरकी गंजून बसते. ती दर सहा महिन्यांनी पूर्ण खाली सोडून परत वर घ्या. हवा तपासायला तसंही खाली घ्यावीच लागते.

सुरंगी०७

ड्रम निघाला. एम८ चे बोल्ट, पाव-पाव फेरा, एकूण सहा फेरे लागले. लायनर शाबूत आहेत.